हीटरवरचा डबा मोजत नाही, वाटतो: जर्मनीतल्या हीटिंग बिलाच्या या चुका टाळा

मागच्या नोव्हेंबरात रात्री साडेनऊला एका मित्राचा फोन आला. मूळचा नागपूरचा, श्टुटगार्टला येऊन तेरा महिने झालेले. आवाज चढलेला. "अरे, गेल्या वर्षी या घरात मी तीनच महिने होतो. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. बेडरूमचा हीटर शून्यावर, हॉलचा दोनवर. तरी वर आणखी 204 युरो भरा म्हणतात. मीटर बिघडलाय, दुसरं काय!" मी म्हटलं, कागदांचे फोटो पाठव. फोटो आले. मीटर बिघडलेला नव्हता, कारण त्याच्या घरात मीटर नव्हताच.

हे बिल जर्मनीतल्या जवळपास प्रत्येक मराठी घरात वर्षातून एकदा येतं, आणि ते वाचताना आपण सगळे तीच एक चूक करतो. आपल्या डोक्यात महावितरणचा मीटर असतो: आकडा फिरला, युनिट झाले, दराने गुणलं, बिल आलं. रेडिएटरवर चिकटवलेली पांढरी डबी तसं काहीच करत नाही. तिचं जर्मन नावच बघा, हाइट्सकोस्टनफेरटायलर. फेरटायलर म्हणजे वाटणारा. तळघरातल्या एका बॉयलरचं एकच बिल येतं आणि त्यात कोणाचा वाटा किती, एवढंच ती डबी सांगते. बाकीच्या बहुतेक चुका या एका गैरसमजातून निघतात.

युनिटला किलोवॅट-तास समजणं

डबीत दोन सेन्सर असतात. एकाला रेडिएटरचं तापमान कळतं, दुसऱ्याला खोलीचं. दोन्हींत जितका फरक, आणि तो जितका वेळ टिकला, त्या हिशेबाने आकडा चढत जातो. पाईपातून किती गरम पाणी गेलं याचा तिला पत्ताच नसतो. म्हणून प्रत्येक रेडिएटरच्या आकार-प्रकारानुसार एक गुणक ठरवलेला असतो, आणि स्क्रीनवरचा आकडा त्याने गुणला की युनिट मिळतात. या युनिटला परिमाण नाही. तुमचे 3,000 आणि बाजूच्या इमारतीतल्या कुणाचे 3,000 यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

आकडेमोड एकदा करून बघू. समजा इमारतीचा वर्षाचा हीटिंगचा खर्च 12,000 युरो. त्यातला 70 टक्के, म्हणजे 8,400 युरो, युनिटप्रमाणे वाटायचा. सगळ्या घरांचे मिळून 60,000 युनिट झाले, तर एका युनिटला 14 सेंट. तुमचे 3,000 युनिट, म्हणजे 420 युरो. उरलेले 3,600 युरो क्षेत्रफळावर. इमारत 800 चौरस मीटर, तुमचं घर 70, म्हणजे आणखी 315. एकूण 735.

पुढच्या वर्षी हिवाळा सौम्य गेला आणि सगळ्यांचेच युनिट 20 टक्क्यांनी उतरले, पण गॅस महागला आणि एकूण खर्च 12,000 वरच राहिला. आता 8,400 भागिले 48,000, म्हणजे साडेसतरा सेंट. तुमचे 2,400 युनिट, आणि रक्कम पुन्हा 420. "कमी वापरूनही बिल तेवढंच" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. तुम्ही किती वाचवलंत यापेक्षा बाकीच्यांच्या मानाने किती वाचवलंत, हे डबीला कळतं.

नव्या इमारतींत, विशेषतः जमिनीखालून हीटिंग असेल तिथे, खरा हीट मीटर असतो. तो पाण्याचा प्रवाह आणि जाता-येतानाच्या तापमानातला फरक मोजतो आणि किलोवॅट-तास दाखवतो. पण तिथेही बॉयलरचा खर्च शेवटी वाटलाच जातो. आणि या मीटरची प्रमाणित मुदत 6 वर्षांची असते. मुदत उलटली असेल तर त्याच्या आकड्यावर आक्षेप घेता येतो. डबीला अशी मुदत नसते.

हीटर बंद ठेवला की बिल शून्य येईल, ही आशा

जर्मनीचा हीटिंग खर्चाचा नियम, हाइट्सकोस्टनफेरऑर्डनुंग, 1981 पासून लागू आहे. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईने पोळलेल्या देशाने काढलेला. खर्चाचा किमान 50 आणि कमाल 70 टक्के भाग वापरावर, बाकीचा क्षेत्रफळावर, असं तो सांगतो. काही जुन्या, तेलावर किंवा गॅसवर चालणाऱ्या इमारतींना 70 टक्केच घ्यावे लागतात. म्हणजे वर्षभर हीटरला हात लावला नाहीत तरी खर्चाचा 30 ते 50 टक्के हिस्सा तुमच्या क्षेत्रफळाप्रमाणे तुमच्या वाट्याला येतोच.

हा अन्याय आहे असं मला सुरुवातीला वाटायचं. आता वाटत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांचं घर कायम 23-24 अंशांवर. आमच्या हॉलची फरशी जानेवारीत अनवाणी चालण्याइतकी कोमट असते आणि ती ऊब आम्ही फुकट खातो. मधल्या मजल्यावरच्या घराला चारी बाजूंनी शेजारी असतात. छताखालच्या कोपऱ्यातल्या घराला वर बर्फ आणि दोन बाजूंना वारा. तेवढंच 20 अंश राखायला त्याला कितीतरी जास्त जाळावं लागतं. सगळा खर्च वापरावर टाकला तर कोपऱ्यातला माणूस मधल्याची ऊब पोसत बसेल. आपल्याकडे सोसायटीत पाण्याचे पैसे नळांच्या संख्येवर आणि आकारावर लावतात, त्यावरून वर्षानुवर्षं चालणारे वाद आठवा. वाटपाचा कोणताही नियम कुणावर तरी थोडा अन्याय करतोच.

हीटर पूर्ण बंद ठेवण्याचा खरा तोटा वेगळाच आहे. आपल्या स्वयंपाकात वाफ भरपूर: कुकर, भात, उकळता चहा, त्यात आंघोळीचं गरम पाणी. ही ओल सगळ्यांत थंड भिंतीवर जाऊन बसते. ती भिंत बहुधा शून्यावर ठेवलेल्या बेडरूमची, कपाटामागची. फेब्रुवारीत तिथे काळी बुरशी उगवते आणि मग घरमालकाशी जो पत्रव्यवहार सुरू होतो, त्यापुढे 100 युरोची बचत काहीच नाही. न वापरलेली खोलीही 16-17 अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. तापमान एका अंशाने कमी केलं तर साधारण 6 टक्के ऊर्जा वाचते, असा हिशेब इथे सांगतात. 22 चे 20 करा. 20 चे 12 करू नका.

पाचवर फिरवला की लवकर तापतो

नाही तापत. थर्मोस्टॅटवरचे 1 ते 5 हे वेगाचे गिअर नाहीत, तापमानाचे टप्पे आहेत. 3 म्हणजे साधारण 20 अंश. पाचवर ठेवलात तर 20 पर्यंत पोचायला तेवढाच वेळ लागतो, फक्त 20 ला पोचल्यावर तो थांबत नाही. आणि खिडकी वरून तिरकी उघडून तासन्तास ठेवू नका. पाच मिनिटं सताड उघडा, तेवढा वेळ हीटर बंद ठेवा.

रेडिएटरवर कपडे वाळत घालणं, समोर सोफा लावणं

पडदा किंवा ओला टॉवेल थर्मोस्टॅटवर आला की त्याच्याभोवती गरम हवा साठते. त्याला वाटतं खोली तापली. तो पाणी बंद करतो आणि तुम्ही कुडकुडता. तिकडे डबीच्या खोलीच्या सेन्सरलाही तीच गरम हवा लागते. तिला झाकून फसवावं असं मनात आलं असेल, तर ऐका: हे ओळखण्याची सोय बऱ्याच डब्यांत असते. अशी गरम हवा साठलेली दिसली की त्या खोलीचं तापमान 20 अंश धरून मोजायला लागतात. म्हणजे झाकलेला हीटर खोली नीट तापवत नाही आणि युनिट मात्र पडतच राहतात.

पाईप विसरणं

या मुद्द्यावर खूप कमी लोक बोलतात, म्हणून जरा थांबतो. जुन्या काही इमारतींत गरम पाणी एकाच पाईपातून एका रेडिएटरकडून दुसऱ्याकडे जातं, आणि हा पाईप घरातून उघडाच, उष्णतारोधक आवरणाशिवाय, फिरतो. हीटर बंद असला तरी पाईप गरमच. खोली त्याच्यावरच तापते आणि डबीला त्यातलं काहीच दिसत नाही. मग इमारतीत जळलेल्या गॅसचा मोठा भाग कुठेच नोंदवला जात नाही आणि जी थोडी नोंद होते, तिच्यावर 70 टक्के खर्च लादला जातो. परिणामी ज्याने थोडाफार हीटर लावला त्याच्या डोक्यावर भलामोठा आकडा, आणि पाईपाच्या उबेत बसलेल्याचं बिल जवळपास रिकामं.

तुमच्या बिलात एका युनिटचा दर एकदम अव्वाच्या सव्वा दिसला आणि घरात कोपऱ्यातून उघडे गरम पाईप जात असतील, तर हे कारण तपासायला सांगा. जर्मन अभियंता संघटनेच्या फाउ डे ई 2077 या मार्गदर्शक सूचनेत यासाठी दुरुस्तीची पद्धत दिलेली आहे. हाउसफेरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्या कचेरीला, हा आकडा सांगितलात की फोनवरचा सूर बदलतो. हा माझा स्वतःचा अनुभव.

यादी न तपासणं

बिलाच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर खोल्यांची यादी असते: प्रत्येक रेडिएटर, त्याच्या डबीचा क्रमांक, गुणक, जुना आकडा, नवा आकडा. कुणीच बघत नाही. आम्हीही बघितली नव्हती. दुसऱ्या वर्षी बायकोला शंका आली, कारण बाथरूमच्या खाती हॉलपेक्षा जास्त युनिट. मी टॉर्च घेऊन बाथरूमच्या फरशीवर गुडघे टेकले आणि डबीवरचा क्रमांक वाचला. शेवटचे चार अंक यादीशी जुळेनात. यादीतला क्रमांक वरच्या घरातल्या बाथरूमचा होता. बिल करणाऱ्या कंपनीने अदलाबदल मान्य केली, दोन महिन्यांनी सुधारित बिल पाठवलं आणि 96 युरो परत आले. वरच्यांनी आमच्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं, ते वेगळं.

मालकाने मधे रेडिएटर बदलला असेल तर गुणकही बदलायला हवा. तेवढं एक विचारून घ्या.

स्क्रीनवरचा चुकीचा आकडा टिपणं

डबीची स्क्रीन एकामागोमाग दोन-तीन गोष्टी दाखवते. एक चालू वर्षाचा आकडा, एक गेल्या वर्षअखेरीस थांबलेला आकडा, मधे कधी तारीख किंवा कसला तरी कोड. घर सोडताना घाईत एकच फोटो काढला तर बहुधा नको तोच आकडा हाती लागतो. स्क्रीन पूर्ण एक फेरी करेपर्यंत थांबा आणि प्रत्येक आकड्याचा फोटो घ्या. बाथरूमसकट सगळ्या हीटरचे.

जुन्या काही घरांत अजून काचेच्या नळ्या आहेत, आत रंगीत द्रव, बाजूला रेषा. द्रव हळूहळू उडत जातो, त्यावरून हिशेब. उन्हाळ्यातही थोडा उडतोच, म्हणून मुळातच तो किंचित जास्त भरलेला असतो. या नळ्या लांबून वाचता येत नाहीत आणि नियमाप्रमाणे 31 डिसेंबर 2026 पर्यंत त्या जाऊन रेडिओवर वाचता येणारी यंत्रं यायला हवीत. तोपर्यंत रीडिंगवाला येईल त्या दिवशी घरी थांबा. दोनदा चुकवलंत तर तुमचा वापर अंदाजाने धरला जातो: तुमच्या आधीच्या वर्षांवरून, तुमच्यासारख्या खोल्यांवरून किंवा इमारतीच्या सरासरीवरून. तुम्ही काटकसरी असाल तर सरासरी तुमच्या हिताची नाही.

"डब्या बसवणं परवडतं का?" हे बैठकीत न विचारणं

इथे घर विकत घेतलेले मराठी लोक आता कमी नाहीत. ते वर्षातून एकदा मालकांच्या बैठकीला जातात, हात वर करतात आणि घरी येतात. हात वर करण्याआधी एक हिशेब करा.

समजा डब्यांचं भाडं, रीडिंग आणि बिल बनवण्याचा खर्च मिळून घरामागे वर्षाला 80 युरो. हे पैसे हीटिंगच्याच खर्चात मिसळून भाडेकरूंकडून घेतले जातात, म्हणून मालकाला ते टोचत नाहीत. जुन्या, गळक्या खिडक्यांच्या इमारतीत घराचं हीटिंग 1,100 युरोचं असेल तर 80 म्हणजे सुमारे 7 टक्के. आपलं आपल्याला भरायचंय म्हटल्यावर लोक खिडक्या बंद करतात, रात्री हीटर उतरवतात. 10-15 टक्के वाचले तरी सौदा फायद्याचा. पण उत्तम उष्णतारोधक भिंती असलेल्या नव्या इमारतीत हीटिंगच 350 युरोचं असेल, तर 80 म्हणजे जवळपास 23 टक्के. तेवढं वाचवायला लोकांना घरात जाकीट घालून बसावं लागेल. अशा घरात डबी म्हणजे नुसती कागदपत्रं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नियमालाही हे ठाऊक आहे. जो खर्च 10 वर्षांच्या बचतीतून भरून निघणार नाही, त्याची सक्ती नाही. वर्षाला चौरस मीटरमागे 15 किलोवॅट-तासांपेक्षा कमी लागणाऱ्या इमारतीही सुटतात. (डबीची बॅटरीही साधारण 10 वर्षंच टिकते. मग पुन्हा नवा करार.) युरोपीय संघाच्या 2012 च्या ऊर्जा कार्यक्षमता निर्देशातही "खर्चाच्या मानाने परवडत असेल तर" अशी अट होती. स्वीडनने तिचा आधार घेतला. तिथे भाड्यात हीटिंग धरलेलं असणं ही जुनी रीत. घरोघरी मोजून फायदा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि पुढे सक्ती आणली ती सर्वांत जास्त उष्णता खाणाऱ्या इमारतींपुरतीच.

जर्मनीत डब्या बसवून बिल काढण्याचा व्यवसाय मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हातात आहे. स्पर्धा नियामक बुंडेसकार्टेलआम्टने 2017 च्या अहवालात यावरच बोट ठेवलं होतं. म्हणून बैठकीत दोन-तीन कंपन्यांची दरपत्रकं मागा. भाडेकरू असाल तर हे लक्षात ठेवा: डब्या भाड्याने घ्यायच्या असतील तर मालकाने आधी खर्चासकट कळवायला हवं, आणि बहुसंख्य भाडेकरूंनी महिन्याभरात विरोध केला तर त्या भाड्याने घेता येत नाहीत.

हक्काचे पैसे सोडून देणं

वापरावर बिल करणं बंधनकारक असताना मालकाने नुसत्या क्षेत्रफळावर केलं, तर भाडेकरू आपल्या वाट्यातून 15 टक्के कापू शकतो. यंत्रं लांबून वाचता येणारी असतील तर 2022 पासून दर महिन्याला वापराची माहिती मिळायला हवी. ती मिळत नसेल तर 3 टक्के. ही मासिक माहिती ईमेलने किंवा अ‍ॅपवर येते आणि आपण ती जाहिरात समजून उडवतो. डिसेंबरचे युनिट मागच्या डिसेंबरच्या दुप्पट दिसले तर थर्मोस्टॅट अडकलाय हे जानेवारीतच कळतं, पुढच्या नोव्हेंबरात नाही.

1 जानेवारी 2023 पासून इंधनावरच्या कार्बन शुल्काचा काही हिस्सा मालकानेही उचलायचा आहे. इमारत चौरस मीटरमागे जितका जास्त कार्बन सोडते तितका त्याचा वाटा मोठा, अगदी वाईट इमारतीत 95 टक्के. घरात स्वतःचा गॅस बॉयलर असेल आणि गॅसचं बिल तुम्ही थेट भरत असाल, तर हा वाटा मालकाकडे तुम्हालाच मागावा लागतो, 12 महिन्यांच्या आत. बिलावर आक्षेप घ्यायलाही मिळाल्यापासून 12 महिने असतात. मूळ पावत्या बघण्याचा हक्क आहे, तो मागायला लाजू नका.

तीन महिने म्हणजे पाव वर्ष, असं धरणं

मित्राचं प्रकरण इथेच अडकलं होतं. वर्षाच्या मधे भाडेकरू बदलला आणि मधलं रीडिंग झालं नाही, तर खर्च बहुधा दिवसांवर वाटत नाहीत, थंडीवर वाटतात. वर्षाचे हजार भाग धरतात: जानेवारीचे 170, फेब्रुवारीचे 150, मार्चचे 130, एप्रिलचे 80, मेचे 40, जून-जुलै-ऑगस्ट तिघांचे मिळून 40, सप्टेंबरचे 30, ऑक्टोबरचे 80, नोव्हेंबरचे 120, डिसेंबरचे 160. शेवटच्या तीन महिन्यांचे होतात 360. पाव वर्ष राहून 36 टक्के.

त्याच्या घराचा वर्षाचा खर्च 1,150 युरो. 36 टक्के म्हणजे 414. आगाऊ भरलेले महिना 70 प्रमाणे 210. फरक 204. बेरीज-वजाबाकी अचूक होती. चुकलं होतं ते एवढंच, की मधलं रीडिंग करायला हवं होतं आणि ते केलं नव्हतं. आधीचा भाडेकरू भरपूर हीटर लावणारा, आणि त्याच्या उबेचा वाटा याच्या माथी.

मी विचारलं, घर ताब्यात घेताना डब्यांचे फोटो काढलेस का? नाही. पण त्या दिवशी आईला घर दाखवायला त्याने व्हिडिओ काढून नागपूरला पाठवला होता. त्यात "आणि हा बघ हीटर, असा गोल फिरवायचा" म्हणत तो हॉलच्या रेडिएटरपाशी वाकतो आणि दोन सेकंद स्क्रीन स्वच्छ दिसते. तो तुकडा त्याने हाउसफेरवाल्टुंगला पाठवला आणि यंत्रात साठलेले सप्टेंबरअखेरचे आकडे काढा अशी लेखी मागणी केली. बऱ्याच रेडिओ यंत्रांत प्रत्येक महिनाअखेरचा आकडा राहतो. तो निघाला, व्हिडिओशी जुळला. वर्षाच्या 4,100 युनिटांपैकी त्याचे 1,150, म्हणजे 28 टक्के. वापराचा 70 टक्के खर्च त्याप्रमाणे पुन्हा वाटला, क्षेत्रफळाचा तसाच राहिला आणि 204 चे 140 झाले.

तो व्हिडिओ त्याने अजून ठेवलाय. फोल्डरचं नाव आधी 'आईसाठी' होतं, आता 'हाइट्सुंग' आहे.